ओल्या मुठीचा भाला

"पुन्हा ठेवा," रेफरी मॅडम म्हणाल्या.

मी भाला उचलला. तराजू शून्यावर आणला. पेटीतलं प्रमाणित वजन ठेवून तराजूच चुकत नाही ना, ते बघितलं. तराजू ठीक होता. मग भाला पुन्हा ठेवला. पडद्यावर आकडा आला, सहाशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम.

तिसऱ्यांदाही तेच. हवे होते सातशे. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर साखर. पण भाल्याच्या बाबतीत सातशे म्हणजे सातशे. वर एखाददुसरा ग्रॅम गेला तर कुणी हरकत घेत नाही, खाली अर्धा ग्रॅमसुद्धा चालत नाही. हलका भाला लांब जाऊ शकतो, एवढं साधं कारण आहे.

खोलीच्या बाहेर बाकावर त्या भाल्याचा मालक बसला होता. उजव्या खांद्यावर बर्फाची पिशवी, गळ्यात टॉवेल. दारातून माझं तोंड दिसलं की हसत होता. माझ्या गावचा माणूस, सोलापूरचा. नाव नरसय्या.

आधी माझं सांगतो. मी सोलापुरात छत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. पोरं मला मागं काय म्हणायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. निवृत्त झालो तरी मैदान सुटलं नाही. परीक्षा देऊन मी ॲथलेटिक्सचा टेक्निकल ऑफिशियल झालो होतो, ते काम अजून करतो. माझं खातं इम्प्लिमेंट कंट्रोल, म्हणजे फेकायच्या वस्तूंची तपासणी. गोळा, थाळी, हातोडा, भाला. खेळाडू स्वतःचा भाला सकाळी आमच्या टेबलावर आणून देतो. आम्ही वजन करतो, लांबी मोजतो, टोक बघतो, मूठ बघतो. नियमात बसला की स्टिकर लावतो. तिथून पुढं स्पर्धा सुरू होईपर्यंत भाला आमच्या ताब्यात. मालकालासुद्धा हात लावता येत नाही.

ही स्पर्धा मास्टर्सची होती. म्हणजे पस्तिशीच्या पुढच्या लोकांची, पाच-पाच वर्षांचे गट पाडून. हसू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धा असते, देशोदेशीचे लोक स्वखर्चानं येतात, आणि साठीचा माणूस धावपट्टीवर उतरला की त्याच्या डोळ्यांत जे दिसतं ते माझ्या शाळेतल्या पोरांत मला क्वचित दिसलं. या खेपेला स्पर्धा आपल्याच देशात, समुद्रकाठच्या एका शहरात होती. नरसय्या पंचावन्नच्या गटात होता. त्या गटातल्या पुरुषांना सातशे ग्रॅमचा भाला.

नरसय्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे यंत्रमाग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. राहायला कुंभारीला. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, चिडला की दोन्ही. सुट्टी झाली की सायकलला भाला आडवा बांधून मैदानावर यायचा. वाटेत लोक घाबरून बाजूला व्हायचे. मी ओरडायचो, "अरे, कुणाच्या तरी पोटात घालशील एक दिवस!" तो म्हणायचा, "सर, टोकाला बूच लावलंय की!"

एकोणीस वर्षांचा असताना राज्याच्या शिबिरासाठी त्याची निवड झाली होती. त्याच आठवड्यात वडील गेले. शिबिराला जायचं त्या दिवशी तो मागावर उभा राहिला, ते आजपर्यंत. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही बुटाची लेस बांधता बांधता. मग पन्नाशीला पोरीचं लग्न झालं आणि गड्यानं जुना भाला मिळवून परत फेकायला सुरुवात केली. खांदा केव्हाच कामातून गेला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं, फेकू नका. त्यानं डॉक्टर बदलला.

स्पर्धेच्या महिनाभर आधी मैदानावर मला म्हणाला, "सर, रेकॉर्ड झालं तर ते कुटं लिवत्यात?"

"यादी असते. स्पर्धेच्या पुस्तकात छापतात."

"नाव?"

"नाव, देश, किती मीटर, सगळं."

"कायमचं?"

"कुणी मोडेपर्यंत. आणि मोडलं तरी जुन्या पुस्तकात राहतंच की."

त्यानं भाल्याच्या टोकाला बूच लावलं. मग म्हणाला, "पदकाचं काय न्हाय सर. पदक पोरगी कपाटात ठिवती. पण बघा, चाळीस वर्षं झाली. जकार्डच्या मागावर टॉवेलात नावं विणायची. हाटेलाचं नाव, लग्नातल्या नवरा-नवरीचं नाव, कुणाच्या एकसष्टीचं नाव. हजारो नावं काढली. आपलं एकदा तरी कुटं तर यावं की."

मी म्हणालो, "आधी कोपर वर ठेव. खाली पडतंय." मला असलं काही ऐकलं की असंच बोलता येतं. आमच्या घरात सगळे असेच.

आता त्या दिवसाची सकाळ. सात वाजले होते आणि हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून कंटाळा आला. नाष्ट्याच्या वेळी एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काय सर, आज गाववाल्याचा इव्हेंट. बघा हां, सांभाळून घ्या त्याला." लोक हसले. चेष्टाच होती ती. पण मला झोंबली. सगळ्या ऑफिशियल लोकांत माझं नाव कडक म्हणून आहे, आणि ते मला आवडतं. म्हटलं, आज दाखवतोच.

तपासणीच्या टेबलावर पहिला एक जपानी आला. त्याच्या भाल्याचं टोक किंचित हलत होतं. मी खुणा करून त्याला समजावलं, बाबा, हे घट्ट करून आण, अजून वेळ आहे. तो चारदा वाकला आणि गेला. अर्ध्या तासात घट्ट करून घेऊन आला. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

मग नरसय्या आला. भाल्याची मूठ बघून मी थबकलो. भाल्याच्या मध्यावर दोरी गुंडाळलेली असते, तिला मूठ म्हणायचं. हात तिथं धरतो. नरसय्याच्या भाल्याची मूठ निळी होती. आज पांढरी दिसत होती.

"हे काय?"

"रेल्वेत कुणाची तर ट्रंक पडली सर भाल्यावर. दोरी तुटली. काल संध्याकाळी नवी घातली."

"कुठली दोरी?"

"आपलं टॉवेलचं सूत. रीळ असतंय की माझ्या पिशवीत. पदर घेतलं, मांडीवर पीळ घातला आन् गुंडाळलं. वरनं कांजी दिली. क्यांटीनमधनं भाताची पेज मागून आणली. त्यो आचारी म्हणतोय, पोट बिघडलं काय?" आणि स्वतःच हसला.

मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या सुताला कांजी देतात. सूत ताठ होतं, तुटत नाही. नरसय्यानं भाल्याला तेच केलं. मूठ नियमात होती. जाडी सगळीकडं सारखी, गाठ नाही, खाच नाही. यंत्रानं गुंडाळल्यासारखी. परदेशातल्या महागड्या भाल्यांवरसुद्धा अशी मूठ मी बघितलेली नाही.

मग मी सवयीनं मुठीवर अंगठा दाबला. मूठ थंड लागली.

बोटाला पाणी लागलं नाही. पण सोलापुरात वाढलेल्या माणसाला सुताचा तो थंडावा कळतो. माझे वडील सूतगिरणीत होते. आमच्याकडं सूत वजनावर घेतात, आणि ओलं सूत जड भरतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या शहराच्या हवेत कांजी रात्रभरात वाळलीच नव्हती. मी भाला तराजूवर ठेवला. सातशे एक.

डोक्यात हिशोब लगेच झाला. दुपारी ऊन तापणार. मूठ वाळणार. वजन उतरणार. किती ते सांगता येत नाही, पण हातात फक्त एक ग्रॅम जास्तीचा आहे.

सांगायचं एवढंच होतं, "मूठ ओली आहे. वाळवून आण, नाहीतर दोन वेढे जास्त घाल." टेबल बंद व्हायला तासाच्या वर वेळ होता. जपान्याला सांगितलं तसं सांगायचं. पण मागं रांगेत दोघे उभे होते, शेजारच्या टेबलावर तो नाष्ट्याचा चेष्टेखोर बसला होता आणि माझ्याचकडं बघत होता. माझ्या मनात आलं, आपण नियमापुरतं बघू. वजन भरलंय. गाववाल्याला जास्तीचा एक शब्द नाही.

मी स्टिकर लावला. नरसय्या क्षणभर उभा राहिला, माझ्याकडं बघत. मी पुढच्याचा भाला घेतला. तो गेला.

त्याचा भाला मी पत्र्याच्या खोलीत खिडकीजवळ ठेवला. सकाळभर त्यावर ऊन पडलं. तो वाळला तोसुद्धा माझ्याच ताब्यात.

तीन वाजता स्पर्धा सुरू झाली. एकेकाला सहा फेका. नरसय्याची पहिली बेताची गेली. दुसरीला तो पट्टीच्या टोकाला उभा राहिला, डाव्या हातानं खांदा एकदा चोळला आणि निघाला. मी कुंपणाशी उभा होतो. शेवटची पावलं आडवी पडतात, तिथं त्याचं नेहमी चुकायचं. त्या दिवशी चुकलं नाही. कोपर वर राहिलं. भाला हातातून सुटला आणि त्याच वेळी तो ओरडला. लोकांना वाटलं जोर लावला म्हणून ओरडला. मला कळलं, खांदा गेला.

भाला टोकावर पडला, मातीत रुतला. पांढरं निशाण वर गेलं, म्हणजे फेक मान्य. मोजमाप आलं. स्पर्धेचा त्या गटातला जुना विक्रम होता त्याच्यापेक्षा वीतभर लांब.

उरलेल्या चारही फेका त्यानं सोडल्या. हातच उचलत नव्हता. दुसऱ्या कुणाला तेवढं जमलं नाही. सुवर्णपदक त्याचं झालं. बर्फ लावून घेतला आणि तडक माझ्याकडं आला.

"सर, लिवलं का?"

"अजून नाही. विक्रम झाला की भाला परत तपासावा लागतो. तसा नियम आहे."

"तपासा की. सकाळी तर बगितला तुमी."

तर ती ही तपासणी. सहाशे अठ्ठ्याण्णव, सहाशे अठ्ठ्याण्णव, सहाशे अठ्ठ्याण्णव.

रेफरी मॅडम तमिळनाडूच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, कामात पक्क्या. आमचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. त्यांनी मूठ हातात घेतली, नखानं खरवडली.

"सुताची आहे. सकाळी किती भरलं होतं?"

"सातशे एक."

"म्हणजे वाळलीय. सकाळी ओली होती का, सर?"

मी तराजूवरची धूळ पुसायला लागलो.

"मी का विचारते ते ऐका," त्या म्हणाल्या. "फेक वैध आहे, पदक कुठं जात नाही. प्रश्न विक्रमाचा. सकाळी ओली होती आणि तरी आम्ही पास केली, असं तपासणाऱ्यानं लिहून दिलं तर चूक आमची ठरते. मी ज्युरीकडं पाठवीन. ते मानतील की नाही, सांगता येत नाही. पण पाठवीन. तर, ओली होती का? तुमच्या लक्षात आलं होतं का?"

छत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, चूक झाली तर हात वर करा. पाच मिनिटं उशिरा आलेल्या पोराला मैदानाला फेरी मारायला लावलीय मी. त्या खोलीत माझ्या डोळ्यांपुढं काय आलं? नाष्ट्याचं टेबल. लोक म्हणणार, बघा, गाववाल्याचा ओला भाला पास केला.

"नाही," मी म्हणालो. "लक्षात नाही आलं."

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या आणि कागद पुढं केला. खेळाडूचं नाव. दुपारचं वजन सहाशे अठ्ठ्याण्णव. विक्रम मान्य नाही. खाली तपासणाऱ्याची सही. मी सही केली. चांगली झोकदार सही आली, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

दोन ग्रॅम मी माफ केले नाहीत. स्वतःचं खोटं मात्र सहज माफ करून टाकलं.

बाहेर जाऊन नरसय्याला सांगितलं. तो उठून उभा राहिला. बर्फाची पिशवी खाली पडली.

"किती कमी?"

"दोन ग्रॅम."

"सूत वाळलं," तो म्हणाला. "कांजीचं सूत. हात्तिच्या! मला कोण शिकवणार हे? चाळीस वर्षं सुतात गेली माझी." डाव्या हातानं त्यानं टॉवेल तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मी शेजारी उभा. खांद्यावर हात ठेवावा म्हटलं तर तो खांदाच फाटलेला. मग टॉवेल काढून म्हणाला, "तुमचं काय चुकलं न्हाय सर. तुमी का तोंड पाडताय? माजंच येड्याचं काम."

तेव्हा तरी सांगायचं की नाही? नाही सांगितलं. परतीच्या गाडीत आम्ही एकाच डब्यात होतो. त्यानं घरून आणलेल्या शेंगाचटणीची पुडी काढली आणि मला दिली. मी खाल्ली. सोलापूर येईपर्यंत मी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

चार महिने गेले. नरसय्या मैदानावर यायचा बंद झाला. खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, पण हात छातीच्या वर जाईना. जॉबरला मागाच्या वरच्या भागात हात घालावा लागतो. मालक बरा माणूस होता, कामावरून काढलं नाही. घडीखात्यात बसवलं, टॉवेलाच्या घड्या घालायला. हे मला त्याच्या पोरीकडून कळलं, बाजारात. ती म्हणाली, "सर, एकदा भेटा की अप्पांना. तुमचं नाव काढतात सारखं."

मग मात्र राहवेना. एका सोमवारी दुपारी अक्कलकोट रोडला गेलो. कारखान्यात मागांचा एवढा आवाज, की जेवणाच्या सुट्टीची वाट बघत मी बाहेर लिंबाखाली थांबलो. सुट्टी झाली. नरसय्या आला, मला बघून केवढा खूश झाला. डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं केली.

मी म्हणालो, "खाणार नाही. आधी ऐक. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुझी मूठ ओली होती, ते मला कळलं होतं. अंगठ्याला कळलं होतं. मी बोललो नाही. लोक नावं ठेवतील म्हणून. आणि मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. खरं बोललो असतो तर कदाचित तुझं नाव लागलं असतं."

घरातून ठरवून निघालो होतो ते सगळं एका दमात बोलून टाकलं. वाटलं, आता हा शिव्या देईल. द्याव्यात असंही वाटत होतं.

त्यानं हातातली भाकरी डब्यात परत ठेवली.

"मला ठाव हाय सर."

"काय?"

"तुमी अंगठा दाबला तवा मी तुमच्या तोंडाकडंच बघत होतो. मलाबी शंका होतीच की. सूत थंड लागतंय, हे मला न्हाय का कळणार? इचारणार होतो, सर, वाळवून आणू का? पण तुमचं तोंड बगितलं. म्हटलं, सरांना समजलंय. आपले सर हायत. काय गडबड असती तर बोलले असते. न्हाय बोलले, म्हंजी चालतंय." डब्याचं झाकण लावत म्हणाला, "म्हणून मी गप गेलो."

म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माहीत होतं. तो बोलला नाही, कारण त्याचा माझ्यावर विश्वास होता. मी बोललो नाही, कारण मला माझ्या नावाची काळजी होती. मला रडू आलं. कारखान्याच्या फाटकाशी, पासष्टीचा माणूस, रडलो. येणारेजाणारे बघत होते. नरसय्या डाव्या हातानं पाठ थोपटत राहिला आणि म्हणत राहिला, "ऱ्हाऊ द्या सर, ऱ्हाऊ द्या की." पण 'काही झालं नाही' असं तो म्हणाला नाही. ते खोटं ठरलं असतं.

घरी जाऊन मी संघटनेला पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं, सही केली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आक्षेपाची मुदत स्पर्धेच्या दिवशीच संपली होती, निर्णय बदलता येणार नाही. माझ्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांनी आभार मानले होते. ते वाचून मला माझीच शिसारी आली. पत्र नरसय्याला नेऊन दाखवलं. त्यानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "ह्यात माजं नाव हाय का?" नव्हतं. फक्त संदर्भ क्रमांक होता.

मी अजून तपासणीच्या टेबलावर बसतो. आता टेबलावर आलेल्या प्रत्येक मुठीवर अंगठा दाबतो आणि जे वाटेल ते मोठ्यानं बोलतो, मालक जपानचा असो नाहीतर माळशिरसचा. नवीन ऑफिशियल लोकांना शिकवायचं असलं की नियम नंतर सांगतो, आधी सांगतो की हाताला कळलं ते तोंडानं बोला. ते वहीत लिहून घेतात. मग कुणीतरी विचारतं, "सर, असं काही घडलं होतं का?" मी सांगतो, हो, आणि नरसय्याचं नाव सांगतो, आडनावासकट.

विक्रमांच्या यादीत त्या गटापुढं अजून जुनंच नाव आहे. नरसय्याचं नाव त्या स्पर्धेच्या तपासणीच्या एका कागदावर आहे. त्याच्यापुढं सहाशे अठ्ठ्याण्णव लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे.